कंट्रोल एफ गेलं कुठे?

चोपड्याच्या माझ्या भाच्यानं मागच्या आठवड्यात व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये एका दमात 26 प्लगइन, म्हणजे एडिटरला जास्तीची कामं शिकवणाऱ्या जोडण्या, टाकली. संध्याकाळी फोन आला, "मामा, कंट्रोल एफ दाबलं की शोधायची चौकट उघडतच नाही, पान सरकन खाली जातं." मी म्हटलं, टर्मिनलमध्ये, म्हणजे एडिटरमधल्याच कमांड टाइप करायच्या चौकटीत, जाऊन दाबून बघ. तिथे चौकट लगेच उघडली. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत होता.

बटणं दाबली की एडिटर नियमांची एक यादी चाळतो. प्रत्येक नियमात असतं: बटणं कोणती, काम कोणतं, आणि बहुतेकदा ते कधी लागू, ही अट. कर्सर कोडमध्ये असेल तरच, टर्मिनलमध्ये असेल तरच, अशी. खरी गंमत पुढे आहे. ही यादी खालून वर वाचली जाते. वर एडिटरचे स्वतःचे नियम, त्यांच्याखाली प्लगइनचे आणि तळाशी आपण लिहिलेले. खालून जो पहिला जुळेल त्याचं काम होतं, वरच्यांचा नंबर लागतच नाही. म्हणून प्लगइन एडिटरला मागे सारतं, आणि आपण प्लगइनला.

कंट्रोल के आणि लगेच कंट्रोल एस दाबलं की ही यादी समोर येते. भाच्याला त्यात कंट्रोल एफ शोधायला लावलं. नियम कुणाचा, हे शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असतं. तिथे विमचं, म्हणजे विम या जुन्या एडिटरची बटणं इथे आणणारं, प्लगइन निघालं. त्याची चूक नव्हती. विमचा पूर्वज व्हीआय 1976 साली बिल जॉय यांनी लिहायला घेतला, आणि त्या घराण्यात कंट्रोल एफ म्हणजे एक पान पुढे. जॉय यांच्या एडीएम-3ए टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड असलेल्या तेव्हाच्या यंत्रावर, बाणांची वेगळी बटणंही नव्हती, बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले होते. विम वापरणारे आजही त्याच चार अक्षरांनी कर्सर हलवतात. भाच्यानं नियमावर राइट क्लिक करून तो काढला. तेव्हा एडिटरनं भाच्याच्या स्वतःच्या नियमांच्या फाइलमध्ये तोच नियम, कमांडच्या नावाआधी वजाचं चिन्ह लावून, म्हणजे रद्द करून, लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी नवी तक्रार: सेव्ह केलं की एडिटर अडकतो. याचं उत्तर बटणांच्या यादीत नसतं. मी त्याला केळीच्या बागेतलं ठिबक आठवायला सांगितलं. प्रेशर पडलं तर आपण नळीन् नळी तपासत बसत नाही, अर्धे व्हॉल्व्ह बंद करून बघतो. एडिटरमध्ये एक्स्टेन्शन बायसेक्ट (एक्स्टेन्शन म्हणजे प्लगइनच) नावाची सोय नेमकं हेच करते. अर्धी प्लगइन बंद करते आणि विचारते, त्रास गेला का? 26 ची 13, मग 7, 4, 2, 1. पाचव्या फेरीला सापडलं: सेव्ह करताच अख्खी फाइल नव्यानं मांडणारं प्लगइन. ते काढलं. उरलेली 25 कशासाठी घेतली होतीस, असं एकेक करून विचारलं, तर त्याला नऊच सांगता आली. बाकीची त्यानं तेव्हाच बंद केली.