कुळांच्या मुखवट्यांपासून ड्रॅगपर्यंत : ‘तीन कपड्यां’च्या नियमाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने मार्च २०२३ मध्ये ड्रॅगच्या, म्हणजे दुसऱ्या लिंगाचा झगमगीत वेश घेऊन केलेल्या, जाहीर प्रयोगांना चाप लावणारा कायदा केला, तेव्हापासून या विषयावर काहीही लिहिले गेले की एक जुना नियम हटकून आठवला जातो. अंगावर किमान तीन कपडे ‘आपल्या’ लिंगाचे हवेत, नाहीतर पोलीस उचलणार. न्यूयॉर्कच्या गे बारमध्ये १९४० ते १९६० च्या दशकांत उठबस असलेल्या कित्येकांनी हा नियम सांगितला आहे. झुळझुळीत गाऊनच्या आत पुरुषी गंजीफ्रॉक, पुरुषी चड्डी आणि पायात पुरुषी मोजे, की भरले तीन. पुरुषी सूट घालणाऱ्या बायकांनाही हाच हिशेब उलटा लागू. कुणी सांगते दोन कपडे, कुणी पाच. मोजे एक नग धरायचे की दोन, हा प्रश्न वकिलांनाही सुटला नसता.

गंमत अशी की ‘तीन’ हा आकडा कायद्याच्या पुस्तकात नाहीच. अभ्यासकांनी राज्यांचे कायदे आणि शहरांचे ठराव धुंडाळले. वेशांतराला बंदी करणारे ठराव ढिगाने सापडले, कपडे मोजायला सांगणारा सापडला नाही. मग इतक्या जणांच्या आठवणी खोट्या का? तसेही नाही. गस्तीवरच्या पोलिसाला काहीतरी ठोकताळा हवा असतो, आणि पकडल्या जाणाऱ्याला काहीतरी बचाव. दोघांच्या सोयीतून हा नियम तयार झाला असावा आणि तोंडोतोंडी पसरला असावा, असे मला वाटते. तो छापलेला नसला, तरी त्यापायी कोठडीत काढलेल्या रात्री खऱ्याच होत्या.

छापलेला कायदा होता तो वेगळाच. तो १८४५ चा, आणि त्याचा बायकांच्या कपड्यांशी काडीचा संबंध नव्हता. हडसन नदीच्या खोऱ्यात बड्या जमीनदारांच्या कुळांनी तेव्हा खंड द्यायचे नाकारले होते. थकबाकीसाठी जप्ती घेऊन शेरीफ आला की रानातून माणसे बाहेर पडत. तोंडावर मेंढीच्या कातड्याचे मुखवटे, अंगात छापील कॅलिकोचे पायघोळ झगे. (हे कापडाचे नावही आपल्या कालिकतवरून गेलेले.) मूळनिवासींचे सोंग घेतलेली ही कुळे ओळखू येईनात, तेव्हा सरकारने तोंड रंगवून किंवा झाकून, ओळख लपवून रस्त्यावर येणे हाच गुन्हा ठरवला. खंडाचे बंड शमले. कलम मात्र उनाड-भटक्यांविरुद्धच्या कायद्यात जाऊन बसले आणि शंभर वर्षांनी पोलिसांना सापडले.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या अपिली न्यायालयात आलेले एक प्रकरण पाहा. रात्री उशिरा भुयारी रेल्वेच्या फलाटावर तिघे जण मोठ्याने बोलत उभे. पोलीस शेजारून गेला, तेव्हा त्यातल्या एकाने त्याला डोळा मारला. पांढरा इव्हनिंग गाऊन, उंच टाचांचे बूट, सोनेरी केसांचा टोप, चेहऱ्याला रंग. मुलगा की मुलगी असे विचारल्यावर उत्तर आले, मी मुलगी. झाली अटक, आणि शिक्षा अपिलातही कायम राहिली. जप्ती चुकवणाऱ्या कुळांसाठी केलेले कलम डोळा मारणाऱ्याला लागले. लपायचे असणारा माणूस पोलिसाला डोळा कशाला मारेल, हा साधा प्रश्न त्या निकालाआड राहून गेला.

त्याच कायद्यात एक फटही होती. फॅन्सी ड्रेसच्या नाचाला पोलिसांची परवानगी घेतली, तर तिथे मुखवटे आणि सोंगे चालत. हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या एका बंधुमंडळाचा वार्षिक नाच याच फटीतून वाढला. १९२० च्या दशकात रॉकलँड पॅलेसमध्ये तो पाहायला हजारो लोक लोटत, त्यात गोरे बघेही असत. दारावर उभा पोलीस बंदोबस्ताला असे. तोच गाऊन घालून तुम्ही पहाटे घरी चालत निघालात की तोच पोलीस तुम्हाला पकडू शके. रंगमंचालाही अशीच सूट होती. १९३९ पासून गावोगाव फिरलेली एक मिश्रवर्णीय मंडळी तर ‘पंचवीस पुरुष आणि एक मुलगी’ अशी जाहिरात करी. त्यातली मुलगी कोणती, हे ओळखता ओळखता प्रेक्षक थकत. ती शेवटी निघे सूट-टाय घालून निवेदन करणारा ‘पुरुष’च.

पश्चिमेकडे सॅन फ्रान्सिस्कोचा ठराव १८६३ चा. तिथे आडपडदा नव्हता, ‘आपल्या लिंगाचा नसलेला पोशाख’ असेच शब्द होते. अशा प्रकारचे ठराव पहिल्या महायुद्धाआधीच चाळीसहून अधिक शहरांत झाले होते. माँटगोमेरी स्ट्रीटवरच्या एका बारमधला वेटर १९५० च्या दशकात रविवारी दुपारी तांबड्या उंच टाचा घालून ऑपेराची विडंबने करी. ‘कार्मेन’ या ऑपेराची नायिका स्पेनमध्ये नाही, तर शहरातल्याच युनियन स्क्वेअरमध्ये पोलिसांना चुकवत हिंडते आहे, असा मामला. खेळ संपला की तो सगळ्यांना हात धरून उभे करी आणि गायला लावी. हॅलोविनच्या रात्री या शहरात वेशांतर चालून जाई, पण बारा वाजले की सण संपला असे धरून पोलीस धरपकड सुरू करत. आरोप असे ‘फसवण्याच्या हेतू’चा. यावर त्याने तोडगा काढला. काळ्या मांजराच्या आकाराचे बिल्ले करून सगळ्या ड्रॅग क्वीन्सना, म्हणजे ड्रॅग करणाऱ्या पुरुषांना, वाटले. त्यावर लिहिले होते, ‘मी मुलगा आहे’. छातीवर हे लिहून फिरणाऱ्यावर फसवणुकीचा आरोप ठेवणार कसा? या माणसाने १९६१ मध्ये शहराच्या मंडळाची निवडणूक लढवली आणि सुमारे ५,६०० मते घेतली. हरला, पण समलिंगींच्या मतांची गठ्ठ्याने मोजदाद करायची सवय राजकारण्यांना तेव्हापासून लागली.

‘ड्रॅग’ हा शब्द या अर्थाने छापील मजकुरात येतो तो १८७० च्या लंडनमध्ये. त्या वर्षी दोन तरुणांना नाट्यगृहाबाहेर जनानी पोशाखात पकडले आणि दुसऱ्या दिवशी त्याच चुरगळलेल्या गाऊनांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले. पुढच्या वर्षी ज्युरीने त्यांना सोडून दिले. गुलामगिरीत जन्मलेला एक जण १८८० च्या दशकात अमेरिकेत, वॉशिंग्टनमध्ये, ड्रॅगच्या मेजवान्या भरवत असे आणि धाडीही झेलत असे.

आणि आपल्याकडे? लंडनचे ते दोघे सुटले त्याच १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या भागात नोंदणीकृत ‘युनक’ने (हिजड्यांसाठी कायद्याने वापरलेला शब्द) स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे, नाचणे, वाजवणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला होता. तो आधी उत्तरेकडच्या प्रांतांत लागू झाला. इकडे मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्टी नटांच्या शालूंच्या घड्यांची चर्चा घराघरांत होत होती. म्हणून ‘ड्रॅग क्वीन म्हणजे आपला स्त्रीपार्टी’ असे पटकन म्हणणे मला खटकते. स्त्रीपार्टीला घरंदाज बायका वेशभूषेत गुरू मानत, आणि अंक संपून तो रस्त्यावर आला की पुन्हा चारचौघांसारखा असे. ड्रॅग क्वीनचा सगळा झगडाच अंक संपल्यानंतरचा. ‘स्त्रीवेशधारी पुरुष’ हे वर्तमानपत्री भाषांतरही पंचनाम्यातून उचलल्यासारखे वाटते. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ३७७ कलमाचा काच गेला. त्याच्या आसपास मुंबईच्या क्लबांत ड्रॅगच्या रात्री रंगू लागल्या, तेव्हा तिथल्या मंडळींनी ‘ड्रॅग’ हाच शब्द ठेवला, ते बरे केले.

२८ जून १९६९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या स्टोनवॉल या गे बारवर धाड पडली आणि दंगल उसळली, हे पुष्कळांना माहीत आहे. कमी सांगितली जाते ती धाडीची रीत. बायकांच्या कपड्यांत असलेल्यांना बाजूला काढायचे, शौचालयात नेऊन लिंग ‘तपासायचे’, पुरुष निघाला की अटक. त्या रात्री अशा काहींनी आत जायला नकार दिला. चारच वर्षांनी, २४ जून १९७३ ला, वॉशिंग्टन स्क्वेअरमधल्या प्राइडच्या सभेत एका ड्रॅग क्वीनला बोलण्यासाठी व्यासपीठाशी झगडावे लागले आणि बोलताना हुर्यो झेलावी लागली. ड्रॅग ही बायकांची टवाळी आहे, असे त्याच सभेत स्त्रीवादी लेस्बियनांच्या वतीने सांगण्यात आले. आक्षेप पोकळ नव्हता. काही क्लबांतले विनोद खरोखरच ओंगळ असत. पण तुरुंगातल्या आपल्या माणसांसाठी बोलायला आलेल्या व्यक्तीला गप्प करण्यासाठी तो वापरला गेला, हे विसरता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने आपला ठराव पुढच्या वर्षी, १९७४ मध्ये, रद्द केला.

२००९ मध्ये ड्रॅगची स्पर्धा टीव्हीवर आली आणि गाऊन, टोप, रंग यांची उलाढाल वाढली. टेनेसीचा कायदा आला तो या प्रसिद्धीनंतर. जुन्या कायद्यांनी रस्त्यावर बंदी घातली आणि रंगमंचाला सूट दिली. हा कायदा नेमका प्रयोगाला हात घालतो. अल्पवयीनांच्या नजरेस पडू शकणाऱ्या ‘प्रौढ कार्यक्रमां’च्या यादीत त्याने स्ट्रिपरांच्या शेजारी ‘पुरुष किंवा स्त्रीचे सोंग घेणारे’ हे शब्द बसवले आहेत. जून २०२३ मध्ये मेम्फिसच्या संघीय न्यायाधीशाने तो घटनाबाह्य ठरवला. जुलै २०२४ मध्ये अपिली न्यायालयाने, दावा करणाऱ्यांना दाद मागण्याचा अधिकारच नाही, असे म्हणून तो निकाल उलटवला.

न्यूयॉर्कचे ते मुखवट्याचे कलम कलमांतरे होत २०२० पर्यंत टिकले. अखेर ते रद्द झाले ते कोरोनामुळे. सगळ्यांनी तोंड झाका असा हुकूम काढल्यावर, तोंड झाकणे हा गुन्हा ठेवता येईना.