लो-इम्पिडन्स इलेक्ट्रिक गिटार : जुनी वाद्ये आणि बेळगाव सीमाभाग

लो-इम्पिडन्स इलेक्ट्रिक गिटार म्हणजे जिच्या पिकअपमधील (तारांच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागातील) कॉइलला तारेचे वेढे मुद्दाम कमी ठेवलेले असतात आणि त्यामुळे जिचा इम्पिडन्स (संरोध) नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारीपेक्षा कितीतरी कमी असतो अशी गिटार. या प्रकारच्या कारखानी गिटारींपैकी संग्राहक ज्यांच्या मागे असतात त्या मुख्यतः 1969 ते 1980 च्या सुमारास अमेरिकेतील गिब्सन कंपनीने लेस पॉल या वादक-संशोधकाच्या आग्रहावरून बनवल्या. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी भाषक सीमाभागात अशी गिटार क्वचितच दिसते. पण ज्या अडचणींवर उपाय म्हणून ती जन्माला आली, त्या इथल्या गणपतीच्या मंडपातल्या प्रत्येक वादकाला ठाऊक आहेत. त्यामुळे इथे ही गिटार काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा मंडपात वाजवण्यातच तिचे खरे मोल कळते.

तत्त्व

साध्या गिटारीच्या पिकअपमध्ये केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे पाच ते दहा हजार वेढे असतात. वेढे जास्त म्हणून व्होल्टेज जास्त, आणि ॲम्प्लिफायरला थेट जोडता येते. त्याची किंमत मात्र केबलमध्ये मोजावी लागते. साध्या केबलमध्ये दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असते. पिकअपचे प्रेरकत्व (कॉइलचा बदलत्या विजेला होणारा विरोध) 4 हेन्री धरले, तर 5 मीटर केबलवर त्याची अनुनाद-वारंवारता (जिच्या वरचे सूर झपाट्याने घसरतात ती) साडेतीन हजार हर्ट्झच्या जवळ येते. हीच केबल 15 मीटर केली की ती दोन हजारांच्या आसपास घसरते. वरचे सूर गळतात आणि गिटार कांबळ्याखालून वाजल्यासारखी ऐकू येते. स्टेजवरचा वादक तेव्हा ट्रेबल वाढवतो, पण गेलेले सूर त्याने परत येत नाहीत. वाढते ती फक्त खरखर.

वेढे दहापट कमी केले की प्रेरकत्व शंभरपट कमी होते. मग त्याच 15 मीटर केबलवर अनुनाद 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे कानाच्या टप्प्याच्या कडेला जातो. मधल्या सगळ्या सुरांना केबल हात लावत नाही. व्होल्टेज मात्र एक दशांश उरते. ते पुन्हा वाढवण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी 1:10 प्रमाणाचा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. स्टेजवरचे मायक्रोफोन नेमके असेच चालतात. म्हणून त्यांची केबल मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेली तरी आवाज मळत नाही.

एक गैरसमज मात्र सरसकट ऐकू येतो, तो असा की लो-इम्पिडन्स म्हटले की घरघर बंद. केबलमध्ये शिरणारा विद्युत उपद्रव कमी होतो, हे खरे. पण जनरेटर किंवा मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे खुद्द कॉइलमध्ये उमटणारी 50 हर्ट्झची घरघर त्याने जात नाही. तिच्यावर खरा उतारा म्हणजे उलट जोडलेल्या दोन कॉइल.

लेस पॉल आणि गिब्सन

लेस पॉल (1915–2009) हे गिटारवादक तर होतेच, पण ध्वनिमुद्रणाचे वेड त्यांना वादनाइतकेच होते. एकाच फितीवर थर चढवत जाणाऱ्या मल्टिट्रॅक पद्धतीत त्यांचे काम पायाभूत मानले जाते. थरावर थर चढवताना मूळ सुरातला मळ प्रत्येक वेळी वाढत जातो. म्हणून सूर गिटारीतून निघतानाच स्वच्छ हवा, या निष्कर्षाला ते आले. गिटार ॲम्प्लिफायरसमोर मायक्रोफोन न ठेवता तिचा सूर थेट मिक्सरमध्ये नेता यावा, ही त्यांची इच्छा होती, आणि लो-इम्पिडन्सशिवाय ते नीट साधत नव्हते.

त्यांच्या नावाची गिटार गिब्सनने 1952 मध्ये बाजारात आणली होती, पण तिचे पिकअप नेहमीचे, हाय-इम्पिडन्स होते. मधल्या काळात करार संपला आणि 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा जुळला. त्यानंतर 1969 मध्ये लेस पॉल पर्सनल आणि लेस पॉल प्रोफेशनल ही दोन मॉडेले निघाली, सोबत लेस पॉल बेसही. पर्सनलच्या कडेला चक्क मायक्रोफोन लावायची सोय होती, म्हणजे गाणाऱ्या वादकाला वेगळा स्टँड नको. या दोन्ही गिटारींना साधी केबल चालत नसे. ट्रान्सफॉर्मर बसवलेली खास केबल लागे. ती केबल हरवली की गिटार मुकी झाली असे समजून लोक ती अडगळीत टाकत.

ही अडचण ओळखून 1971 मध्ये लेस पॉल रेकॉर्डिंग आली. तिच्यात ट्रान्सफॉर्मर गिटारीच्या पोटातच होता आणि ‘हाय’ की ‘लो’ हे ठरवायला बटण होते. तिरके बसवलेले, काळ्या आवरणाचे लांबट पिकअप, फेज (पिकअपच्या सिग्नलची दिशा) उलटवायचा स्विच, आणि वरच्या सुरांचा पोत पायरीपायरीने बदलणारा ‘डेकेड’ नावाचा नॉब ही तिची ओळख. सोबत आलेल्या बेसचे नाव ट्रायम्फ. पुढे पोकळ अंगाची, एका बाजूला झुकलेल्या आकाराची लेस पॉल सिग्नेचर निघाली. एल-5 एस या महागड्या गिटारीच्या सुरुवातीच्या नगांनाही लो-इम्पिडन्स पिकअप होते, नंतर कंपनीने ते बदलून नेहमीचे बसवले. दशक संपता संपता रेकॉर्डिंग मॉडेलही बंद झाले.

त्या खपल्या नाहीत याचे कारण त्या वाईट होत्या हे नव्हे. 1970 च्या दशकात वादकांना हवा होता फाटलेला, ओरडणारा रॉकचा सूर. आणि ही गिटार बनली होती स्वच्छ सुरासाठी. त्यात वजन भारी, नॉब भरपूर. लेस पॉल स्वतः मात्र शेवटपर्यंत आपल्या फेरफार केलेल्या लो-इम्पिडन्स गिटारीच वाजवत राहिले. न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबमध्ये दर सोमवारी रात्री, नव्वदी ओलांडल्यावरही, त्यांच्या हातात तीच असे.

इतरांनी हेच सूत्र दुसऱ्या वाटेने पुढे नेले. कॅलिफोर्नियातील अलेम्बिक (स्थापना 1969) कंपनीने कमी वेढ्यांच्या पिकअपला गिटारीतच छोटा प्रीॲम्प (सिग्नल आधीच वाढवणारे सर्किट) जोडला. नंतरचे ईएमजी कंपनीचे बॅटरीवरचे पिकअपही याच घराण्यातले. बेसवादक जॅक कॅसिडी यांच्या नावाचा एपिफोन बेस 1997 पासून मिळतो. त्याचे मूळ जुन्या लेस पॉल सिग्नेचरच्या बेसमध्ये आहे, आणि अस्सल जुनी गिटार परवडत नसेल त्याने या जातीचा सूर आधी याच बेसवर ऐकावा.

सीमाभागातील वाट

बेळगावात पाश्चात्त्य वाद्यांचा वावर जुना आहे. कॅम्पातली चर्च आणि इंग्रजी शाळा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचा बँड, आणि घाट उतरला की लागणारा गोवा, या तिन्हींमधून गिटार, व्हायोलिन, ट्रम्पेट इथे रुळले. आयात परवान्यांच्या काळात परदेशी गिटार दुकानातून घेणे सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होते. ती यायची जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या सामानातून किंवा आखाती देशांतून परतणाऱ्या नातेवाइकाबरोबर. त्यामुळे जुन्या परदेशी गिटारीचा माग काढणारा आजही बेळगावच्या खडेबाजारापेक्षा मडगाव, पणजी, पुणे, मुंबई इथेच जास्त फिरतो.

वाजवण्याची जागा मात्र इथेच भरपूर. गणपतीत गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, लग्नाच्या वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून वाजणारी बेंजो पार्टी. अशा ठिकाणी स्टेज एका टोकाला, साऊंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या टोकाला, मध्ये रोषणाईच्या माळा, डिमर आणि जनरेटर. अर्थिंग म्हणून जमिनीत रोवलेली एखादी सळई असली तर असली. साधी गिटार इथे डीआय बॉक्सशिवाय (गिटारीचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या पेटीशिवाय) नेली की ती वाजण्याआधी गुणगुणायला लागते. रेकॉर्डिंगसारखी गिटार ‘लो’वर ठेवून मायक्रोफोनच्या चॅनेलला दिली तर डीआय बॉक्सची गरजच पडत नाही. मात्र त्या चॅनेलचा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा (मायक्रोफोनला केबलमधूनच दिली जाणारी वीज) आधी बंद असल्याची खात्री करावी, नाहीतर जुन्या कॉइलमधून नको तो करंट वाहू शकतो.

इथे वाजवणाऱ्याची हमखास चूक होते ती पुढची. ‘हाय’वर आवाज मोठा येतो म्हणून बटण ‘हाय’वर ठेवायचे आणि लांब केबल जोडायची. असे केले की ट्रान्सफॉर्मर केबलच्या अलीकडे राहतो, केबल पुन्हा सूर खाते, आणि ही गिटार व साधी गिटार यांत फरक उरत नाही. ट्रान्सफॉर्मर केबलच्या पलीकडच्या टोकाला, ॲम्प्लिफायरजवळ हवा. मायक्रोफोनसाठी मिळणारा इनलाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर या कामाला पुरतो, आणि तो गिटारीच्या मानाने अगदी स्वस्त असतो.

सुराबद्दल सांगायचे तर भावगीताच्या साथीला, चर्चच्या गायनवृंदामागे, हळू आवाजातल्या कॉर्डसाठी ही गिटार अप्रतिम आहे. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, बोट तारेवर सरकल्याचा आवाजसुद्धा. हात कच्चा असेल तर तेही लपत नाही.

पारख आणि दुरुस्ती

अशा गिटारींचा घात बहुतेक वेळा दुरुस्तीच्या टेबलावर होतो. मेकॅनिक मल्टिमीटर लावतो. साध्या पिकअपला सात-आठ किलोओम दिसतात हे त्याला पाठ असते. इथे काटा ओमांतच थांबतो. कॉइल शॉर्ट आहे असा निकाल देऊन तो पिकअप काढतो, नवा बसवतो, आणि ट्रान्सफॉर्मर भंगारात जातो. गिटार वाजू लागते, पण ती आता दुसरीच असते. म्हणून विकत घेताना आधी आतून पाहावे. मागची झाकणे उघडून मूळ वायरिंग, ट्रान्सफॉर्मर आणि सोल्डरचे जुने मळकट थेंब जागेवर आहेत का ते बघावे. ताजे चकचकीत सोल्डर दिसले की प्रश्न विचारावेत. ट्रान्सफॉर्मरला उगाच मल्टिमीटर लावू नये, कारण मोजणीच्या डीसी करंटने त्याच्या गाभ्यात चुंबकत्व उरू शकते.

साल ठरवताना फक्त सिरीयल नंबरवर विसंबू नये. 1970 ते 1975 दरम्यान गिब्सनचे सहा आकडी नंबर एकाहून अधिक वेळा वापरले गेले. पोटेंशोमीटरच्या (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या रोधकाच्या) पाठीवरचा आकडा जास्त कामाचा: 137 हा सीटीएस कंपनीचा संकेत, पुढचे दोन आकडे सालाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. 1377112 असेल तर तो नॉब 1971 च्या बाराव्या आठवड्यातला. गिटार त्याआधीची असू शकत नाही, थोडी नंतरची मात्र असू शकते. 1977 पासूनच्या आठ आकडी नंबरमध्ये तारीख सरळ वाचता येते.

तुटलेली कॉइल पुन्हा गुंडाळण्याचे काम बेळगावात होण्याजोगे आहे. उद्यमबागेच्या फाउंड्र्या आणि मशीनशॉपमुळे मोटर रिवायंडिंगचा हात इथे तयार आहे. साध्या पिकअपची तार 42 एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे अमेरिकी माप), म्हणजे आपल्या दुकानदाराच्या भाषेत जवळपास 46 गेज; ती फुंकरीने तुटते. लो-इम्पिडन्स कॉइलची तार त्याहून जाड, वेढे कमी, त्यामुळे काम तुलनेने सोपे. जुने वेढे उलगडताना मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्यायची आणि गुंडाळण्याची दिशा लिहून ठेवायची, एवढी शिस्त पाळणारा कारागीर हवा. दिशा चुकली तर दोन कॉइल एकमेकींची घरघर मारण्याऐवजी सूरच मारतात. ट्रान्सफॉर्मर मात्र या दुकानात देऊ नये. मोटर आणि स्टॅबिलायझरच्या कामातली लोखंडी पट्टी गिटारीच्या इवल्याशा सिग्नलला चालत नाही. त्याला निकेलमिश्रित गाभा आणि चुंबकीय कवच लागते.

पडदे (फ्रेट), मान आणि पुलाच्या (ब्रिजच्या) कामासाठी पुण्या-मुंबईला जाणे होते. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे हाडाचे आणि लाकडाचे काम पिढ्यान्‌पिढ्या आहे. नटचे (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीचे) हाड कोरून घ्यायला तिथे जाणे वावगे नाही, फक्त धातूच्या पडद्यांना हात लावू देण्याआधी आधीचे काम पाहावे.

पावसाळा

सह्याद्रीच्या कडेला असल्याने बेळगाव आणि त्याहून जास्त खानापूर भागात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. यांतल्या बहुतेक गिटारींचे अंग महोगनीचे, वर नायट्रोसेल्युलोज लाखेचा थर. लाकूड फुगते, मान हलते, स्विचच्या पत्र्यांना गंज चढतो, आणि केसच्या आतल्या मखमलीवर बुरशी धरते. अनेकजण या दिवसांत गिटार केसमध्ये बंद करून माळ्यावर टाकतात, ते सर्वांत वाईट. सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, आठवड्यातून एकदा बाहेर काढून, कोरड्या फडक्याने पुसून अर्धा तास वाजवावी. वाजवताना प्रत्येक स्विच आणि डेकेड नॉब सगळ्या घरांतून फिरवावा. संपर्क घासून स्वच्छ राहतात. रबराच्या किंवा फोमच्या स्टँडवर ती टेकवून ठेवू नये, कारण ही लाख रबराशी चिकटते आणि डाग कायमचा राहतो.

परदेशातून मागवताना फिंगरबोर्डच्या लाकडाची चौकशी करावी. 2017 च्या आरंभापासून रोझवूडच्या जवळजवळ सर्व जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून मोकळीक मिळाली, पण 1992 पासून कडक यादीत असलेल्या ब्राझिलियन रोझवूडला ती लागू नाही. गिटारीबरोबर मूळ केबल, ट्रान्सफॉर्मर किंवा कधीकाळी काढलेला पिकअप मिळत असेल तर तो बंद पडलेला असला तरी घ्यावा. पुढच्या कारागिराला वेढे मोजायला तेवढाच नमुना उपलब्ध असतो.