आभासी संगणक

चालू संगणकाच्या आत, एका खिडकीत, दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवण्याची सोय. बोलीत 'व्हीएम'. बाहेरचा संगणक होस्ट, आतला गेस्ट. दोघांत प्रोसेसर आणि मेमरी वाटून देणारे सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर. गेस्टची अख्खी हार्ड डिस्क ही होस्टवरची एक फाइलच असते. आयबीएमने १९७२ मध्ये मेनफ्रेमसाठी (मोठ्या कार्यालयीन संगणकांसाठी) व्हीएम/३७० आणले. घरगुती पीसीवर हे तंत्र व्हीएमवेअर या कंपनीमुळे १९९९ मध्ये आले.

नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांत याचा पसारा मोठा आहे. वाशी बाजार समितीच्या गाळ्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यात गरज साधी असते: बिलिंग सॉफ्टवेअरचे नवे व्हर्जन चालू हिशेबावर घालण्याआधी डेटाच्या प्रतीवर पारखून घेणे.

बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेलचे व्हीटी-एक्स किंवा एएमडीचे एसव्हीएम, म्हणजे व्हीएमला मदत करणारी प्रोसेसरची सोय, सुरू लागते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क हवी, म्हणून होस्टवर १६ जीबी रॅम असलेली बरी. ८ जीबीत दोघेही रखडतात. व्हर्च्युअलबॉक्स या हायपरव्हायझरच्या खिडकीत खाली कासवाचे चित्र दिसले, तर विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर, हायपर-व्ही, आड येत आहे असे समजावे.

सिस्टीम बसवून झाली की स्नॅपशॉट (गेस्टच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घ्यायचा, मगच संशयित प्रोग्राम चालवायचा. बिघडले तर मागे परतता येते. स्नॅपशॉटला बॅकअप मानणे ही नेहमीची चूक. तो मूळ डिस्क-फाइलवर टेकलेला असतो. ती गेली की तोही गेला.

खरा धोका जोडण्यांत असतो. शेअर्ड फोल्डर (होस्ट-गेस्ट दोघांना दिसणारा) लिहिण्यास खुला ठेवला, तर गेस्टमधले रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइली अडवणारा प्रोग्राम) होस्टच्या फाइलीही कुलूपबंद करते. नॅट (होस्टच्याच पत्त्यावरून गेस्टला नेटवर्क देणारी जोडणी) निवडले म्हणजे ऑफिसचे नेटवर्क सुरक्षित, हाही गैरसमज: गेस्ट तिथल्या इतर संगणकांपर्यंत पोहोचू शकतो. संशयित फाइलसाठी नेटवर्क अडॅप्टर, शेअर्ड फोल्डर आणि सामायिक क्लिपबोर्ड तिन्ही बंद करावेत. काही मालवेअर आपण व्हीएममध्ये आहोत हे ओळखून गप्प बसते. तेव्हा 'काही झाले नाही' हा निर्वाळा नव्हे.

होस्ट आणि गेस्टमधली भिंतही अभेद्य नाही. २०१५ मध्ये क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये 'व्हेनम' ही त्रुटी सापडली. फ्लॉपी ड्राइव्ह सेटिंगमधून काढला तरी तो कोड जागाच राहत असे. हायपरव्हायझरच अपडेट करावा लागला.