माळेतला हीटर प्लग आणि सुटा हीटर प्लग

स्पार्क प्लग ठिणगी पाडतो, हीटर प्लग नुसता तापून गार डिझेल इंजिन चालू व्हायला मदत करतो. ग्लो प्लग हे हीटर प्लगचंच दुसरं नाव. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठीच लिहितोय, कारण घोळ इथे होत नाही. घोळ पुढे आहे. हीटर प्लग दोन जातींचे असतात, दोन्हींचं वागणं अगदी उलट असतं, आणि जुनी मिलिटरीची डिझेल गाडी हौसेने घेणाऱ्यांना हे दुकानात पैसे मोजेपर्यंत कुणी सांगत नाही.

पावसाळा सरता सरता कुडाळकडचा एक मुलगा जुनी डिझेल लँड रोव्हर टोचन करून घेऊन आला. २२८६ सीसीचं इंजिन. "मामा, चारय प्लग नवे घातलंय, तरी गाडी चालू होणा नाय." बॉनेट उघडलं. प्लग नवे कोरे, पेन्सिलसारख्या बंद टोकाचे. हीटर चालू करून प्लगच्या टर्मिनलवर मीटर लावला, तर साडेसात व्होल्ट. बॅटरीवर अकराच्या वर. मधले व्होल्ट केबिनच्या पत्र्यावर बसवलेला जुना रेझिस्टन्स खात होता. दुकानदाराने प्लग दिले ते सुट्या जातीचे, आणि गाडीचं वायरिंग होतं माळेचं.

या इंजिनाचे मूळ प्लग माळेतले, म्हणजे शाळेत शिकलो ती एकसर जोडणी. गणपतीच्या मखराची जुनी माळ आठवा, एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात. हे प्लग तसेच. टोकाला उघडी जाड तार वळवलेली दिसते, आणि वर करंट आत यायला एक जागा, बाहेर जायला दुसरी. एका प्लगमधून निघालेला करंट पट्टीवरून पुढच्यात जातो आणि शेवटचा प्लग अर्थ होतो, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडलेला असतो. प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन व्होल्टच येतात, पण चाळीसेक अँपिअर सगळ्यांतून जातात. चार प्लग मिळून सात व्होल्टच्या आसपास खातात. उरलेले खायला तो रेझिस्टन्स लागतो. युनिमॉग ४११ मधलं मर्सिडीजचं ओएम ६३६ इंजिनही याच पद्धतीचं.

सुटा प्लग म्हणजे समांतर जोडणी. टर्मिनल एकच, अर्थ प्लगच्या अंगातून थेट हेडला. प्रत्येकाला बॅटरीचे पुरते व्होल्ट हवेत. एक मेला तरी बाकीचे तापतात, गाडी धूर सोडत, अडखळत का होईना चालू होते. महिंद्राच्या एमएम ५४० मधलं प्यूजोकडून आलेलं एक्सडीपी ४.९० या जातीचं. साडेसात व्होल्टवर असा प्लग निम्मीसुद्धा उष्णता देत नाही. मुलाने नवे प्लग घातले होते हे खरं, पण ते कोमटच होत होते.

उलट चूक, म्हणजे माळेतल्या प्लगला जास्त करंट देणं, जास्त महागात पडते. माळेतला एक प्लग गेला की त्याच्यावरून तार टाकून वेळ मारून नेणारे लोक आहेत. मला हे अजिबात पटत नाही. वाचलेल्या तिघांवर जास्त करंट येतो आणि पुढचा बळी त्यांच्यातलाच असतो. आणि माळेतल्या प्लगला थेट बारा व्होल्ट दिले तर तार क्षणात लाल, मग पांढरी होऊन तुटते.

तपासणीही वेगळी, आणि इथे जाणते मेकॅनिकसुद्धा फसतात. माळेत हीटर चालू ठेवून टेस्ट लॅम्प पहिल्या प्लगपासून पुढे नेत जा. जिथपर्यंत दिवा लागतो तिथपर्यंत माळ शाबूत. ज्या प्लगच्या अलीकडे लागतो आणि पलीकडे लागत नाही, तो मेलेला. सुट्या प्लगमध्ये मात्र जोडपट्टी आधी काढायलाच हवी. ती न काढता मीटर लावला तर शेजारचा जिवंत प्लग मेलेल्याच्या नावाने उत्तर देतो आणि चारही चांगले वाटतात. पट्टी काढून टर्मिनल आणि हेड यांच्यात मोजा. एक ओहमच्या आसपास आला तर चांगला, काहीच आला नाही तर गेलेला.

माळेतला एकच प्लग परत परत जळत असेल तर नवा घालणं थांबवा. त्याच्या पुढच्या एखाद्या प्लगच्या इन्सुलेशनवर काजळी साचून करंट मधेच अर्थ होत असतो. दोष पुढच्यात, जळतो मागचा.

आता मिलिटरीचे चोवीस व्होल्ट. गाडी चोवीसची म्हणून प्लगही चोवीसचा, हे गृहीत धरू नका. जनरल मोटर्सने १९८०च्या दशकात अमेरिकी सैन्याला दिलेल्या एम १००८ ट्रकचा स्टार्टर चोवीस व्होल्टवर फिरतो, पण ६.२ लिटरच्या व्ही ८ इंजिनाचे आठही प्लग बाराचे. मधे रेझिस्टन्स. तिथे रिले, म्हणजे प्लगचा करंट चालू-बंद करणारा स्विच, चिकटला की प्लगची टोकं फुगतात आणि काढताना भोकातच तुटतात. मग डिझेल फवारणारं नोझल काढून तुकडा बाहेर ओढायचा. प्लगवर कोरलेला आकडा वाचायला अर्धं मिनिट लागतं, ते द्या.

आपल्या किनाऱ्यावर थंडी कुठे, हीटर कशाला, असंही ऐकतो. ही इंजिनं प्रीचेंबरची, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं. दाबलेल्या हवेची उष्णता चेंबरच्या भिंतीच शोषून घेतात, म्हणून रत्नागिरीच्या पहाटेलाही गार इंजिनाला हीटर लागतो. सैन्याच्या स्टॅलियनसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या ट्रकांचं वेगळं. आणि हीटरच्या गाडीत एअर क्लीनरकडून इंजिन चटकन चालू करायचा ईथरचा स्प्रे कधीही मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो.

प्लग काढणं दोन्ही जातींत सारखंच. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवायचं तेल, सकाळी इंजिन किंचित कोमट, आखूड पाना, थोडं पुढे थोडं मागे.

त्या मुलाच्या गाडीत मी सुटे प्लगच ठेवले. माळ सुट्यावर नेणं मला पसंत आहे, पण न्यायचं तर पुरतं. रेझिस्टन्स काढला, बॅटरीपासून रिलेमार्गे जाड वायर आणली. तरी मीटर साडेनऊच दाखवत होता. इंजिनापासून चेसीपर्यंतची अर्थची पट्टी सोडवली तर खाऱ्या हवेने आतून हिरवी पडून भुगा झालेली. ती बदलली, दोन्ही टोकांचा रंग खरवडून घट्ट केली, तेव्हा अकरा आले. दहा सेकंद हीटर, आणि पहिल्या सेल्फला इंजिन लागलं.