संमतीपत्र भरलं, पण सांगितलं काय?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. चर्चा झाली ती पैशांसाठी कात्री चालवणाऱ्या डॉक्टरांची आणि पाळीमुळे खाडा झाला की दंड लावणाऱ्या मुकादमांची. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. या सगळ्यात एक प्रश्न मागे पडला. डॉक्टरांनी बाईला नेमकं सांगितलं काय, आणि तिला कळलं काय? अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवीला गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल’ एवढंच ऐकवलं, तर ती मुकादमाकडून उचल घेऊन का होईना ऑपरेशन करून टाकते. असलं दुखणं पुष्कळदा साध्या जंतुसंसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होतं. बीजकोश (अंडाशय) काढले तर पाळी अकाली जाते, हाडं ठिसूळ होतात. हे सांगायला दहा मिनिटं लागतात. संमतीपत्रावर सही घ्यायला अर्धं मिनिटही पुरतं.

न सांगता उपचार करायची खोड आपल्याकडे जुनी आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीसाठी साथरोग कायदा आला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. संशयित रुग्ण उचलायचा, घर रिकामं करायचं. का, ते सांगायची कुणाला गरज वाटली नाही. जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे शाळेत सगळेच शिकतात. पण आरोग्यखातं म्हणजे दाराशी आलेली सक्ती, ही समजूत इथूनच घट्ट झाली असं मला वाटतं. आणीबाणीत तिला पुन्हा धार आली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यानं तो कायदा झाला नाही, पण नसबंदीला आणलेल्या माणसाला ‘केस’ म्हणायची सवय सरकारी भाषेत मुरली.

उलट्या बाजूनं सुरुवात करणारी माणसंही याच राज्यात निघाली. जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. तिथे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे आधी तिथल्या आदिवासींची माडिया भाषा शिकले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं, तुम्हाला कसा हवा? उत्तरं सरळ होती. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि आम्ही तर मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतो. तिथलं बोलणं कळत नाही. बरोबरच्या माणसांना राहू देत नाहीत. मग बंग यांच्या संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांचा झाला, नातेवाइकांना रुग्णासोबत राहता येईल असा, आणि नाव ठेवलं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरी.

राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या मात्र दहातली एकही भरत नव्हती. त्या गप्प नव्हत्या, त्यांच्या भाषेत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बंग दांपत्यानं केलेलं एक उपकरण मला फार आवडतं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे श्वास मोजून ठरवतात, पण गावच्या दाईला मोठे आकडे मोजता येत नव्हते. तेव्हा एका चौकटीत मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेवर ओवलेले मणी बसवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत रांगेतला शेवटचा, लाल मणी आला, तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांची रांग वेगळी, मोठ्यांची वेगळी. दाईला मिनिटाचे साठ श्वास म्हणजे काय ते शिकवत बसण्यात कुणी वेळ घालवला नाही.

कायद्याची चाल याच्या मानानं संथ. समीरा कोहली खटल्यात बाई भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले होते. तपासणीला दिलेली परवानगी शस्त्रक्रियेला चालत नाही आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान बाईऐवजी आईची सही पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये बजावलं. त्याच निकालात मात्र बहुसंख्य रुग्ण गरीब, अल्पशिक्षित आहेत, त्यांना वैद्यकीय संज्ञा कळत नाहीत, असंही म्हटलं आणि अमेरिकेइतका सविस्तर खुलासा इथे बंधनकारक नाही असं ठरवलं. मला हा युक्तिवाद कायम खटकतो. ज्याला कळत नाही त्यालाच तर जास्त सांगायला हवं. २०१६ च्या देविका बिस्वास निकालात न्यायालय पुढे गेलं: नसबंदीची माहिती स्थानिक भाषेत, ती समजावल्याचा दाखला, आणि समजावल्यानंतर विचार करायला सुमारे तासभर. त्यामागे बिहारच्या अररियात शाळेत भरवलेलं शिबिर होतं, जिथे दोन तासांत ५३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या होत्या.

राज्यानं २०२१ मध्ये खाजगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं केलं. त्याआधी २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलायचं कसं, हा विषय रीतसर आला; पहिल्या महिन्यात स्थानिक भाषेचे तासही ठेवले. पण सरकारी महाविद्यालयांत पदव्युत्तर जागांपैकी ५० टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरतात. परराज्यातून आलेला निवासी डॉक्टर ओपीडीत मराठी शिकतो ती सिस्टर आणि मावशींकडून. दुभाषाचं काम पडतं ते त्यांच्यावर, नाहीतर सोबत आलेल्यावर. सोबत सासू असेल, तर पाळीचा किंवा आधी पाडलेल्या गर्भाचा प्रश्न विचारला जातो सुनेला आणि उत्तर देते सासू. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या बाईला तर मराठीही परकीच. तिचं दुखणं नवऱ्याच्या मराठीतून आणि सिस्टरच्या हिंदीतून डॉक्टरच्या केसपेपरवर इंग्रजीत उतरतं.