आजार सैन्यसेवेमुळे झाला, हे कसे दाखवावे? अपंगत्व पेन्शनचा दावा, कागदपत्रे आणि अपील

निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाने (सेवा संपताना तपासणी करणाऱ्या लष्करी वैद्यकीय मंडळाने) रक्तदाब, मधुमेह किंवा मणक्याच्या विकाराची नोंद केली, तरी तेवढ्याने माजी सैनिकाला अपंगत्व पेन्शन मिळत नाही. आजार सेवेमुळे उद्भवला किंवा सेवेतील परिस्थितीमुळे बळावला हे मान्य व्हावे लागते आणि अपंगत्व किमान 20 टक्के ठरावे लागते. आजार सेवेमुळे उद्भवला नाही आणि बळावलाही नाही असा शेरा पडला की टक्केवारी पुरेशी असूनही दावा फेटाळला जातो. म्हणून बोर्डाच्या कार्यवाहीची संपूर्ण प्रत आधी मिळवावी. ती जवळ नसल्यास रेकॉर्ड ऑफिसकडे (सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे) लेखी अर्ज करून किंवा माहितीच्या अधिकारात मागावी.

प्रत हाती आल्यावर शेऱ्याखालची कारणे नीट वाचावीत, कारण खरी लढाई तिथेच असते. ‘आजार शांतता क्षेत्रात (म्हणजे लढाऊ किंवा खडतर भागाबाहेरच्या नेमणुकीत) सुरू झाला’ एवढेच एक वाक्य तिथे अनेकदा आढळते. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग या माजी सैनिकाच्या प्रकरणात 2 जुलै 2013 रोजी स्पष्ट केले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे मानावे, पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये आणि बोर्डाने आपल्या मताची कारणे द्यावीत. मात्र 21 सप्टेंबर 2023 नंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांना अपंगत्व पेन्शनचे 2023 चे नवे नियम लागू असल्याने त्यांनी आपला दावा त्या नियमांच्या आधारे मांडावा.

अपिलासोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बोर्डाची कार्यवाही, नकाराचे पत्र आणि लष्करी रुग्णालयाची कागदपत्रे जोडावीत. सर्वांत उपयोगी पडतो तो नेमणुकांचा तारीखवार तपशील: आजाराचे निदान पुण्यात झाले असले, तरी त्याआधीची वर्षे सियाचीन किंवा काश्मीरमध्ये गेली असतील, तर ते तारखांसह लिहावे. दुखापत असल्यास इंजुरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (लष्करी चौकशीचा) निष्कर्ष लागतो.

पहिले अपील नकार कळल्यापासून सहा महिन्यांच्या आत रेकॉर्ड ऑफिसमार्फत करावे आणि पोच जपून ठेवावी. तेही फेटाळले गेल्यास दुसरे अपील करता येते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा मार्ग आहे आणि महाराष्ट्र व गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अर्ज लिहिण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. उशीर झाला म्हणून दावा सोडून देऊ नये, पण आणखी लांबवूही नये. न्यायाधिकरणात उशिरा गेल्यास थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित होऊ शकते.