स्पार्क प्लगचे आटे गेले तर

पाना फिरतोय, प्लग मात्र घट्ट होत नाही. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली दिसते. ती तार म्हणजेच हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे आटे.

प्लग पोलादी आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे सोलून निघतं ते हेड. प्लग तिरका धरून पहिल्याच फेऱ्याला पाना लावला की आटे आडवे चढतात. गरम इंजिनातून प्लग काढणं, गरजेपेक्षा जास्त आवळणं, ही आणखी दोन कारणं. लांबीला जास्त असलेला प्लग तर लपून घात करतो: आत डोकावणाऱ्या आट्यांवर काजळी जमते आणि काढताना तीच हेड खरवडत येते.

चिकटवून भागेल का? १४ मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा दाब ५० बार धरला तर प्लगवर पाऊणशे किलोहून जास्त जोर येतो, आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांना चार स्ट्रोक इंजिनात तो सेकंदाला २५ वेळा बसतो. शिवाय प्लगची उष्णता आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये उतरते. एपॉक्सी, टेप वगैरे विसरा.

पहिले दोन-तीनच आटे दबले असतील तर आटे साफ करायचा टॅप (आटे कापायचं हत्यार) फिरवून काम होतं. पार गेले असतील तर भोक मोठं करून नवे आटे पाडायचे आणि आत स्टीलचा बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेली छोटी नळी, बसवायचा. स्प्रिंगसारखी तारेची गुंडाळीही मिळते, पण ती कधी कधी प्लगबरोबर बाहेर येते. प्लगसाठी कॉलरवाला (वर कडा असलेला) सलग बुशच बरा.

आधी प्लगचं माप पक्कं करा; १४ × १.२५ (व्यास × दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) नेहमीचं, पण दुचाकीत १० × १ किंवा १२ × १.२५ही असतं. पिस्टन खाली घ्या, दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. टॅपच्या खाचा ग्रीसने भरा म्हणजे धातूचा कीस त्यातच अडकतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मधूनमधून टॅप काढून पुसा, नवं ग्रीस भरा. खरी कसोटी सरळपणाची. टॅप किंचित कलला तर वॉशर एका बाजूलाच टेकतो आणि गॅस गळतो. टोकाला जुन्या आट्यांच्या मापाचा भाग असलेला टॅप म्हणूनच सोयीचा. कॉलरची बैठक कटरने सपाट करा. मग बारीक नळीने आतला कीस ओढून घ्या आणि इंधन व इग्निशन बंद ठेवून स्टार्टर थोडा फिरवा. डोळे भोकापासून लांब.

बुशचं वरचं टोक बैठकीच्या पातळीला आणि खालचं ज्वलनकक्षाच्या आत न डोकावणारं हवं. तो बुशच्या किटमध्ये सांगितलेल्या पद्धतीने जखडा, नाहीतर पुढच्या वेळी प्लगसोबत फिरेल.

नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून फिरवा. आडवा लागला तर नळीच घसरते. टेकल्यावर वॉशरवाल्या १४ मिमी प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) असेल तर गाडीच्या पुस्तिकेतला आकडा. आट्यांना ग्रीस लावलं असेल तर तोच आकडा जास्त ताण देतो.